मॉडेलचं नाव नको, चिपचा नंबर विचार

प्रश्न: ताई, मी सांगलीची, वय २४. एका छोट्या कंपनीत नेटवर्कचं काम बघते. आमच्या ऑफिसचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा राखणदार, ओपनबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो. वर्षभर तो सांभाळता सांभाळता या सिस्टीमचा लळाच लागला. आता घरच्या स्वतःच्या लॅपटॉपवरही तीच हवी आहे. बाबांच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहिली, तर वायफायच दिसलं नाही. दुकानात विचारलं तर म्हणाले, "मॅडम, असलं काही कोणी मागत नाही, विंडोज टाकून देतो." दादा म्हणतो, घ्यायचाच तर हप्त्यावर नवा गेमिंग लॅपटॉप घे, त्यावर काहीही चालेल. माझ्याकडे २५,००० रुपये साठलेत. कुठला लॅपटॉप घेऊ? आणि हा माझा हट्ट वेडेपणाचा तर नाही ना?

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी निकालात काढते. वेडेपणा मुळीच नाही. तू रोज ज्या एसएसएचने दूरच्या सर्व्हरमध्ये शिरतेस, तो ओपनएसएसएच याच मंडळींनी १९९९ मध्ये बाहेर काढला. तुझ्या फायरवॉलमधला पीएफ हा पॅकेट गाळणारा भागही २००१ पासून त्यांचाच. ज्या हत्याराने पोट भरतं ते घरी बसून नीट शिकावंसं वाटणं ही चांगल्या कारागिराची खूण आहे. तू वयाने लहान आहेस, म्हणून 'तू'च म्हणते.

आता बाबांचा लॅपटॉप. तिथे नेमकं काय बिघडलं हे कळल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नकोस. वायफाय न दिसण्याचे दोन अगदी वेगळे आजार आहेत. पहिला बरा होतो, दुसरा होत नाही.

पहिला आजार फर्मवेअरचा. बहुतेक वायफाय कार्डांना सुरू होताना कंपनीने दिलेला एक छोटा प्रोग्रॅम स्वतःच्या पोटात भरून घ्यावा लागतो. त्याच्या परवान्यामुळे ओपनबीएसडी तो आपल्या मुख्य संचात ठेवत नाही, वेगळ्या जागी ठेवते आणि पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेटवरून आणते. पण वायफायशिवाय इंटरनेट नाही आणि फर्मवेअरशिवाय वायफाय नाही, मग ते आणायचं कसं? राउटरला केबल लाव. केबलचं पोर्ट नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने जोड आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. ओपनबीएसडी त्याला यूआरएनडीआयएस नावाच्या ड्रायव्हरने (यंत्राच्या एखाद्या भागाशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमने) ओळखते आणि नेट मिळतं. मग 'एफडब्ल्यू_अपडेट' ही एक कमांड दिली की काम झालं. या आजारात कार्ड ओळखलेलं असतं. सुरुवातीच्या संदेशांत 'आयडब्ल्यूएम०' असं नाव दिसतं आणि फर्मवेअर वाचता आलं नाही अशी तक्रारही.

दुसऱ्या आजारात कार्डाला ड्रायव्हरच नसतो. तिथे ओळीच्या शेवटी 'नॉट कॉन्फिगर्ड' हे दोन शब्द येतात. ते दिसले की केबल, टेदरिंग, नवी आवृत्ती यातलं काहीही लगेच कामाला येत नाही. स्वस्तातल्या नव्या यंत्रालाही ते शब्द चिकटू शकतात आणि दोन लाखांच्या यंत्रालाही. किमतीचा आणि त्यांचा काही संबंध नाही.

ड्रायव्हर का नसतो, हे एकदा समजलं की निवड सोपी होते. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडी या प्रकल्पापासून वेगळं होऊन कॅनडातल्या कॅल्गरीहून हा प्रकल्प सुरू केला. कंपनीने दिलेला बंद ड्रायव्हर, ज्याच्या आत काय आहे ते कोणालाच वाचता येत नाही, तो कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम आहे. चिपची माहिती गुप्ततेचा करार करून घ्यायलाही ते तयार नसतात. त्यामुळे प्रत्येक ड्रायव्हर कोणीतरी माणूस बसून लिहितो, तोही बहुधा स्वतःच्या टेबलावर ते यंत्र असतं म्हणून. इंटेलच्या एएक्स२०० या वायफाय कार्डाचं बघ. कार्ड बाजारात आलं २०१९ मध्ये. ओपनबीएसडीत त्याचा आयडब्ल्यूएक्स ड्रायव्हर आला मे २०२० च्या ६.७ आवृत्तीत, श्टेफान श्पेर्लिंग यांच्या हातून. म्हणजे चांगल्या, लोकप्रिय कार्डालाही साधारण वर्ष लागलं. ज्याकडे कोणाचं लक्षच नाही अशा कार्डाला कधीच काही मिळत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. यंत्र थोडं मुरलेलं घ्यावं, काही वर्षं जुनं उत्तम. आणि या प्रकल्पातले लोक स्वतः जी यंत्रं वापरतात त्या जातीचं घ्यावं. त्यांच्यात वर्षानुवर्षं थिंकपॅड या लेनोवोच्या लॅपटॉपांचा भरणा आहे. तिथे झाकण मिटल्यावर झोपणं, उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा अशा बारीकसारीक गोष्टीही कोणीतरी स्वतःसाठी दुरुस्त केलेल्या असतात.

पण "थिंकपॅड घे" एवढंच सांगून मी थांबले तर तुझा घात करीन. माझा झाला होता. काही वर्षांपूर्वी मी मॉडेलचं नाव बघून एक नवा लॅपटॉप घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही. ज्यांच्याकडे तोच होता त्यांचं सगळं छान चाललं होतं. घरी आणून खोका उघडला, सिस्टीम टाकली आणि वायफायच्या जागी तेच दोन शब्द. मॉडेल तेच, रंग तोच, पण त्या खेपेत कंपनीने वेगळ्याच चिपचं कार्ड बसवलं होतं. खोक्यावर त्याचा उल्लेख नव्हता. तीन महिने मी हॉलमधल्या राउटरपासून माझ्या खोलीपर्यंत केबल ओढून काम केलं. दाराखालून जाणारी ती पिवळी केबल आई रोज झाडताना उचलून धरायची आणि परत खाली ठेवायची. तेव्हापासून मी मॉडेलचं नाव विचारत नाही, चिपचा नंबर विचारते.

हे फक्त लॅपटॉपचं नाही. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा यूएसबी वायफायचा तुकडा तू पाहिला असशील, अँटेनावाला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. वरचं नाव तेच, डबाही जवळपास तसाच, आतला जीव वेगळा. सुदैवाने ओपनबीएसडीत दोन्हींना ड्रायव्हर आहेत, पण ते वेगवेगळे. मागच्या स्टिकरवर 'व्ही' पुढे जो आकडा असतो, तो वाचायची सवय लाव.

नंबर कळतो कसा? दुकानातल्या लॅपटॉपवर विंडोज असणारच. डिव्हाइस मॅनेजर उघड, नेटवर्क अ‍ॅडाप्टर्समध्ये वायफायवर दोनदा क्लिक कर, डिटेल्स या टॅबवर जा आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवड. तिथे 'व्हेन' आणि 'डेव्ह' पुढे चार-चार अक्षरं दिसतील. 'व्हेन' म्हणजे चिप कोणाची. ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १०डीई दिसलं तर एनव्हिडिया. 'डेव्ह' म्हणजे नेमकी कोणती. ८०८६ आणि २४एफडी ही जोडी म्हणजे इंटेलचं ८२६५ कार्ड, आयडब्ल्यूएम ड्रायव्हरवर नीट चालणारं. १०ईसी आणि सी८२१ ही जोडी म्हणजे रिअलटेकचं ८८२१सीई, स्वस्त लॅपटॉपमध्ये जागोजागी सापडणारं. ते दिसलं तर पुढचा पीस बघ. ऑनलाइन घेत असशील तर विकणाऱ्याकडून याच पडद्याचा फोटो मागव. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नकोस.

नंबर हाती आला की ओपनबीएसडीच्या मॅन पेजेसचा, म्हणजे तिच्या माहितीपुस्तिकेचा, चौथा विभाग उघड. प्रत्येक ड्रायव्हरच्या पानावर कोणकोणत्या चिप चालतात याची यादी असते. ती लिहिणाऱ्यांनीच लिहिलेली असते, त्यामुळे मी तिच्यावर विश्वास ठेवते. "माझ्या मित्राच्या यंत्रावर चालतं" यावर ठेवत नाही, कारण मित्राच्या यंत्रात कोणतं कार्ड आहे ते मित्रालाही माहीत नसतं.

तुझ्या पैशांत मी स्वतः काय घेतलं असतं? थिंकपॅड टी४८०. २०१८ चं यंत्र, आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर. कंपन्यांच्या वापरातून बाहेर पडलेले पीस सेकंडहँड बाजारात भरपूर येतात. त्यात रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढता-घालता येतात, वायफायचं कार्ड बदलता येतं, केबलचं पोर्टही आहे. एकच पथ्य: काही टी४८० मध्ये एनव्हिडियाची एमएक्स१५० असते, तो पीस नको. फक्त इंटेलच्या ग्राफिक्सवाला घे. बजेट आणखी आखडलं तर २०१२ चा एक्स२३० अजूनही गुणी आहे, पण त्याला जपून घे. त्या काळातल्या थिंकपॅडच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) मान्य कार्डांची यादी असते. तिच्याबाहेरचं कार्ड बसवलंस तर यंत्र सुरू होतानाच १८०२ हा त्रुटीचा नंबर दाखवून थांबतं. म्हणून त्यात आधीपासून इंटेलचं ६२०५ असेल असाच पीस शोध, म्हणजे बदलायची वेळच येणार नाही.

आता दादा. त्याची माया खरी आहे, सल्ला या कामासाठी चुकीचा आहे. गेमिंग लॅपटॉपची सगळी किंमत त्याच्या एनव्हिडिया कार्डात असते आणि ओपनबीएसडीत त्या कार्डांच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाही. इंटेल आणि एएमडीचा आहे. म्हणजे हप्ते भरायचे ज्या भागाचे, तो भाग झोपून राहणार. वर काही यंत्रांत बाहेरच्या स्क्रीनचं एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियालाच जोडलेलं असतं, तेही गेलं. दादाला सांग, उरलेल्या पैशांतून त्याला एखादी गेम घेऊन देईन.

आता जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, तिच्यावर जरा रेंगाळते. दुकानात रिकाम्या हाताने जाऊ नकोस. ओपनबीएसडी पूर्ण टाकलेला पेनड्राइव्ह खिशात घेऊन जा. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह पुरत नाही, कारण त्याच्या छोट्या कर्नलमध्ये आवाज, ग्राफिक्स असे बरेच ड्रायव्हर घातलेलेच नसतात. तिथे 'नॉट कॉन्फिगर्ड' दिसलं म्हणून चांगला पीस परत करशील. तेव्हा दोन पेनड्राइव्ह घे. एकावर इन्स्टॉलर, दुसऱ्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर त्याच्या मदतीने संपूर्ण सिस्टीम. हे बाबांच्या लॅपटॉपवर करता येईल, पण एका प्रश्नाशी हात आखडून थांब. 'कुठल्या डिस्कवर टाकू' असं इन्स्टॉलर विचारतो तेव्हा त्याने आधीच सुचवलेलं नाव बहुतेक वेळा आतल्या डिस्कचं असतं. एंटर दाबत गेलीस तर बाबांचे फोटो गेले. तिथे प्रश्नचिन्ह टाइप कर, डिस्कांचे आकार दिसतील, १६ जीबीची आपली. टाकून झालं की केबलवर किंवा टेदरिंगवर 'एफडब्ल्यू_अपडेट'ला 'वजा ए' जोडून चालव, म्हणजे समोर कोणतंही कार्ड आलं तरी फर्मवेअर तयार असेल. डिस्कची ओळख नावाने न ठेवता कायमच्या आयडीने ठेवली जाते, त्यामुळे हाच पेनड्राइव्ह कोणत्याही यंत्रावर सुरू होतो.

दुकानात आधी बायोसमध्ये शिरून दाखवायला सांग. पासवर्ड मागितला तर तो पीस तिथेच सोड. कंपन्यांच्या यंत्रांवर सुपरवायझर पासवर्ड राहून गेलेला असतो, आणि थिंकपॅडवर तो आतला छोटा सेल काढूनही जात नाही. त्याशिवाय तुला सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारं कुलूप) बंद करता येणार नाही, आणि ते बंद केल्याशिवाय ओपनबीएसडी सुरूच होत नाही. डिस्कची सेटिंग 'आरएआयडी' (रेड) या पर्यायावर असेल तर 'एएचसीआय'वर आण, नाहीतर आतली डिस्क दिसणार नाही. दुकानदाराचं विंडोज त्यानंतर कदाचित उठणार नाही, म्हणून निघताना सेटिंग होती तशी करून दे. त्याच्याशी असं वागलीस की पुढच्या पीसला तोच चहा मागवतो.

मग पेनड्राइव्ह लाव. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ओळी धावायला लागतील. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका दुकानाच्या काउंटरवर मी अशीच उभी होते, समोर एकाच मॉडेलचे तीन पीस. पहिल्यात वायफायच्या ओळीशी ते दोन शब्द. दुसऱ्यात ग्राफिक्सच्या दोन ओळी, म्हणजे एनव्हिडिया आत बसलेली. तिसऱ्यात आयडब्ल्यूएम०, ईएम०, इंटेलडीआरएम०, अझालिया० एकामागून एक आले: वायफाय, केबल, ग्राफिक्स, आवाज. दुकानात काम करणारा मुलगा माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याने विचारलं, "हे चांगलं आलं का?" मी त्याला चारही ओळींवर बोट ठेवून दाखवलं. तिघांवरही स्टिकर एकच होता.

लॉगिन झाल्यावर 'डीमेसेज' कमांडने त्याच ओळी सावकाश वाच. मग बॅटरी. 'सिस्कटीएल' ला 'एचडब्ल्यू.सेन्सर्स' जोडलंस की दोन आकडे शोध: नवी असताना बॅटरी किती वॉट-अवर घेई, तो डिझाइन कपॅसिटी, आणि शेवटच्या पूर्ण चार्जला किती घेतले, तो लास्ट फुल कपॅसिटी. दुसरा पहिल्याच्या निम्म्याखाली असेल तर किमतीत नवी बॅटरी धरून बोल. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे, म्हणून दोन्हींचे आकडे बघ. यूएसबी-सी पोर्टला चार्जर लावून बघ. कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून बघ.

एक परीक्षा मात्र तिथे घेता येणार नाही. यंत्र झोपवताना यूएसबी सुटते, आणि तुझी सगळी सिस्टीम तर यूएसबीवरच. म्हणून झाकण मिटून उघडण्याची चाचणी घरी, आतल्या डिस्कवर टाकल्यावरच होईल. त्यासाठी आठ दिवसांत परत घेण्याची बोली आधी कर आणि बिलावर लिहून घे, सिरियल नंबरासकट. तोंडी 'टेस्टिंग वॉरंटी' चालणार नाही. घरी झाकण मिट, मिनिटभर थांब. झाकणावरच्या नावातला लाल ठिपका सावकाश उजळत-मावळत राहिला म्हणजे झोप लागली. उघडल्यावर पडदा आणि वायफाय दोन्ही परत आले पाहिजेत. दहा वेळा कर.

मनाची तयारी करायची एकच मोठी गोष्ट आहे: ब्लूटूथ नाही. तो भाग २०१४ मध्ये ५.६ आवृत्तीच्या वेळी काढून टाकला, कारण ज्या अवस्थेत होता ती त्यांना पसंत नव्हती. वायरचा इअरफोन काढून ठेव. कॅमेरा आणि माइक आपणहून बंद असतात, ते मुद्दाम चालू करावे लागतात. ते बिघाड समजून दुकानात परत जाऊ नकोस. मला ही पद्धत फार आवडते. आणि मराठीची काळजी करू नकोस. नोटो फॉन्टचं पॅकेज टाकलं की देवनागरी स्वच्छ दिसते, आणि कीबोर्डच्या भारतीय मांडण्यांत 'मार-कागप' नावाची मराठीची ध्वन्यात्मक मांडणी आहे. हे उत्तर मी तिच्यावरच लिहिते आहे.

सगळं बसल्यावर पहिल्याच दिवशी एक काम कर. 'डीमेसेज'मधल्या सगळ्या ओळी आणि सेन्सर्सचे आकडे एकत्र करून प्रकल्पाच्या त्याच नावाच्या मेल पत्त्यावर पाठव. विषयात यंत्राचं पूर्ण मॉडेल लिही. ड्रायव्हर लिहिणारे तिथूनच बघतात की कोणत्या चिप लोकांच्या हातात खरोखर आहेत. आणि बाबांच्या लॅपटॉपच्या ओळीही सोबत पाठव, ते दोन शब्द असलेल्यासुद्धा.